वह्या अनेक, सभासद एकच

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठीं सभासदांची यादी जुळवावयास आम्ही बसलों, तेव्हां एक लाजिरवाणी गोष्ट ध्यानांत आली. सांवेरचें एक कुटुंब इंदूरला राहावयास गेलें होतें. सभासदांच्या यादींत त्यांचा नवा पत्ता चढला. विद्यार्थी-सहाय्याच्या यादींत मात्र जुनाच राहिला. त्यांच्या मुलीचें शिष्यवृत्तीचें पत्र सांवेरच्या बंद घरीं गेलें आणि मुदत टळली. पुढील वर्षीं तिला सहाय्य मिळालें, पण तें वर्ष गेलें तें गेलेंच. दोष कोणा एका चिटणीसाचा नव्हे. आमच्या दप्तराच्या रचनेचा आहे. म्हणून हा विषय सभासद बंधु-भगिनींपुढें थोडक्यांत मांडीत आहोंत.

आमच्या वह्या जाऊन संगणक आला, परंतु रीत जुनीच राहिली. सभासदांची फाईल वेगळी, देणग्यांची वेगळी, सहाय्याची वेगळी. एकच नांव व पत्ता तिन्ही ठिकाणीं लिहिलेला. एकीकडे दुरुस्ती केली तरी इतर दोन फायलींना तिचा पत्ता नसतो.

दुसरी अडचण शोधण्याची. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध झाले, तेव्हां ते अभ्यासकांच्या हातीं आले. रुमाल ज्या क्रमानें बांधला, त्याच क्रमानें तो उत्तर देतो; प्रश्न निराळा असला कीं सगळे कागद उलगडावे लागतात. फाईलचेंहि तसेंच आहे.

यावर उपाय म्हणून १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड या इंग्रज शास्त्रज्ञानें एक पद्धति मांडली. माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट शक्य तों एकदांच लिहावी, आणि कोष्टकें क्रमांकानें एकमेकांस जोडावीं. आज ज्याला डेटाबेस म्हणतात, त्याचा मोठा भाग याच पायावर उभा आहे.

आमच्या कामीं याचा अर्थ असा. प्रत्येक सभासदास एक क्रमांक. पत्ता एकाच कोष्टकांत. देणगी व सहाय्य यांच्या नोंदींत फक्त तो क्रमांक. पत्ता एकदां बदलला कीं सर्वत्र बदलला. देणगीची पावती व खात्यांतील जमा, दोन्ही नोंदी एकत्र होतात. मध्येंच वीज गेली तर अर्धी नोंद मागें राहत नाहीं. दोघे चिटणीस एकाच वेळीं काम करूं शकतात, एकाचें लिहिणें दुसऱ्याच्या हातून पुसलें जात नाहीं. कोणास वैद्यकीय मदत दिली, हें ज्यानें पाहावें त्यालाच दिसेल, अशी व्यवस्थाहि करतां येते.

डेटाबेस म्हणजे जादू नव्हे. एका सहलीच्या वर्गणीची यादी फाईलींत ठेवली तरी चालतें. डेटाबेसला जाणता माणूस लागतो, दुसरी प्रत सुरक्षित ठेवावी लागते. आणि चुकीचा पत्ता दिला तर तोहि सर्वत्र चुकीचाच जाईल.

यास्तव एक नम्र विनंती. महोत्सवास याल तेव्हां कार्यालयांत आपली नोंद स्वतः पाहून घ्यावी, आणि घर बदलल्यास आम्हांस अवश्य कळवावें. एकदांच कळविलें तरी पुरे व्हावें, एवढ्यासाठींच हा खटाटोप आहे.