विश्लेषण : पसंतीक्रमाच्या मतमोजणीत ‘तळाचा उमेदवार बाद’ हा नियम योग्य आहे का?

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार रिंगणात होते. पहिल्या पसंतीच्या मतांत भाजपचे धनंजय महाडिक २७ मतांसह तळाला होते, तर शिवसेनेचे संजय पवार यांना ३३ मते होती. तरीही महाडिकच जिंकले.

हे कसे घडले?

वैध मते २८४ होती, त्यामुळे विजयाचा कोटा ४०.५८ ठरला. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते मिळाली. कोट्यापेक्षा जास्तीची मते दुसऱ्या पसंतीनुसार महाडिकांकडे वळली. नियमानुसार आधी अतिरिक्त मतांचे वाटप होते, त्यानंतरच तळाच्या उमेदवाराला बाद केले जाते. हाच क्रम उलटा असता, तर महाडिक सर्वात आधी बाद झाले असते.

मग नियमात खोट कुठे?

बाद करताना प्रत्येक मतपत्रिकेवरचे त्या वेळचे सर्वात वरचे नावच मोजले जाते. खालचे पसंतीक्रम तोवर बंद पाकिटात! त्यामुळे अनेकांची दुसरी पसंती असलेला उमेदवारही आधीच बाहेर पडू शकतो. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत असेच झाले. तिथे जागा एकच होती, पण बाद करण्याचा नियम हाच. निक बेगिच तिसरे आले आणि बाद झाले. नंतर मतपत्रिकांचा तपशील पाहिल्यावर दिसले की, ते सारा पेलिन आणि विजयी मेरी पेल्टोला या दोघींनाही समोरासमोरच्या लढतीत हरवू शकले असते.

पर्याय काय?

एक सोपा पर्याय म्हणजे तळाच्या दोघांची थेट तुलना. जास्त मतपत्रिकांवर जो दुसऱ्याच्या खाली, तो बाद. अलास्कात या नियमाने पेलिन बाद झाल्या असत्या.

अनेक जागांच्या निवडणुकीत मात्र एक काळजी घ्यावी लागते. ज्या मतांनी आधीच कोणाला निवडून दिले, त्यांचे फक्त उरलेले मूल्यच या तुलनेत धरायला हवे. नाहीतर आपल्या जागा मिळवून बसलेला मोठा गटच छोट्या गटाचा कोणता उमेदवार टिकणार हे ठरवेल, आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा हेतूच संपेल.

यावरचा आक्षेपही वजनदार आहे. आजच्या नियमात दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे नुकसान होत नाही. नव्या नियमात ते होऊ शकते. मग पक्ष आमदारांना ‘फक्त १ लिहा, पुढे काही नको’ असाच आदेश देतील.