दुर्बिणीचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावर नातवाने दुर्बीण मांडली, की माझ्यातला बँकवाला जागा होतो. हिशेब सोपा : दुर्बिणीचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, त्याला आयपीसच्या आकड्याने भागायचे. २५च्या आयपीसने २८ पट, १०च्याने ७० पट. नातवाला मोठा आकडा हवा असतो. पण हवा अस्थिर असली, की चित्र थरथरते. म्हणून सुरुवात २५नेच करावी.

विजयदुर्गावर १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण सांगणारे ‘साहेबाचे ओटे’ आहेत. ते पाहिल्यापासून नातवाला सूर्य पाहायचा होता. आयपीसवर बसणारी काळी काच मी फेकून दिली. उष्णतेने ती तडकू शकते. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावरच घट्ट बसवावा. बुडीत कर्ज एखादे वेळी वसूल होते. गेलेली दृष्टी नाही.