‘ड्राय’ म्हणजे कोरडं नव्हे

वैशाखातली लग्नं उरकली की कर्जतच्या लॉन्ड्रीत पैठण्या आणि कोटांचे गठ्ठे येऊन पडतात. काउंटरवर हमखास एक वाक्य कानावर येतं, “ड्रायक्लीनलाच टाका, कोरडंच धुतात ना ते?” खोपोलीला तेच, चौकला तेच. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

कोरडं काही नसतं. कपडा चिंब भिजतो, फक्त पाण्यात नाही. यंत्रही आपल्या वॉशिंग मशीनच्याच जातीचं: ड्रम फिरतो, कपडे द्रवात घुसळतात, पिळले जातात, मग गरम हवेवर वाळतात. तो द्रव म्हणजे सॉल्व्हंट. पाताळगंगेच्या कारखान्यांत घरातलं कोणी कामाला असेल, तर हा शब्द तुम्हाला नवा नाही. कुठे मिनरल टर्पेंटाइन वापरतात, कुठे पर्क्लोरोइथिलीन, म्हणजेच ‘पर्क’. पर्क 121 अंशांना उकळतं. त्याची वाफ करून, ती थंड करून तेच सॉल्व्हंट पुन्हा वापरता येतं. हे शुद्धीकरण ज्यानं टाळलं, त्याच्याकडून पांढरा सदरा करडा होऊन परत येतो.

मग पाणीच का नको? पाण्यानं रेशमाचा धागा फुगतो, कच्चा रंग सुटतो, लोकरीवरचे बारीक खवले एकमेकांत अडकून स्वेटर आटतो. सॉल्व्हंट धागा फुगवत नाही, पण तेल-तूप विरघळवतं. त्याची करामत एवढीच.

आणि इथेच लोक दुसऱ्यांदा फसतात. ड्रायक्लीननं सगळे डाग जातात म्हणे! जिलेबीचा पाक, सरबत, घाम हे पाण्यात विरघळणारे. नुसतं सॉल्व्हंट त्यांना हात लावत नाही. ते कारागिराला आधी वेगळे काढावे लागतात. आमच्याच घरातल्या एका शालूवर लग्नात सरबत सांडलं. वाळल्यावर डाग दिसेना, म्हणून दुकानात कोणी सांगितलं नाही. गणपतीत घडी उघडली, तर पदरावर रुपयाएवढा पिवळा ठिपका. साखर तिथेच होती, इस्त्रीनं भाजली गेली. दोष दुकानदाराचा नव्हता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘वास येतोय म्हणजे स्वच्छ झालं.’ नाही, सॉल्व्हंट पुरतं उडालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2014 मध्ये पर्कला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आणि अमेरिकेनं डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते दहा वर्षांत हद्दपार करायचं ठरवलं. खरा धोका दिवसभर ते हुंगणाऱ्या कारागिराला. तरी कपडा आणल्यावर पंख्याखाली टांगा.

‘दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत साडी सुरक्षित राहते.’ कर्जतच्या पावसाळ्यात? ओल आत कोंडते आणि बुरशीचं फावतं. सुती कापडात गुंडाळा.

‘पेट्रोलनं घरीच ड्रायक्लीन होतं.’ पेट्रोलची वाफ गोठवणाऱ्या थंडीतही पेटते, आणि कपडा घासताना उडालेली एक ठिणगी तिला पुरते. हा प्रयोग चुकूनही करू नका.

तेव्हा काउंटरवर कपडा ठेवताना ‘कोरडं धुवा’ म्हणू नका. डाग कुठे आहे, कशाचा आहे, तेवढं सांगा. दिसत नसला तरी सांगा.