पापणी उचलत नाही तेव्हा

पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या शिवारात, आखाड्यावर आणि शेतवस्तीवर, माणसं जमिनीवर गोधडी टाकून झोपतात आणि मण्यार रात्रीच हिंडते. तिचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज नसते, कित्येकदा दुखतही नाही, त्यामुळे झोपमोडसुद्धा होत नाही. पहाटे पोटात कळा सुरू होतात, उलटी होते. रात्रीचं जेवण बाधलं असेल म्हणून घरचे ओवा देतात. तास-दोन तासांत कुणाच्या तरी लक्षात येतं की माणसाचे डोळे अर्धेच उघडताहेत. ‘झोप झाली नाही, म्हणून डोळे सुजलेत,’ असं म्हणतच ते दवाखान्यात येतात. पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, ही शंका कुणाच्याही मनात नसते.

ग्रामीण भागात डॉक्टरकी करताना या वाक्यावर कान ठेवायची सवय मी लावून घेतली आहे. कपाशी खुरपायला जाणाऱ्या एका मावशींना असंच जावेने धरून आणलं होतं. त्या बसल्या ती हनुवटी वर करूनच. कपाळाला आठ्या, भुवया ताणलेल्या आणि पापण्या मात्र बुबुळावर उतरलेल्या. पेंगणारा माणूस मान खाली टाकतो. या बाई पापणी वर ओढायला कपाळ राबवत होत्या. मी पापणी बोटाने चाचपली. पातळ, सुरकुतलेली, सुजेचा मागमूस नाही.

“मावशी, माझ्या बोटाकडं वर बघा. बघतच राहा.”

बघता बघता दोन्ही पापण्या आणखी खाली आल्या. मग एका दमात आकडे मोजायला सांगितलं. विसाच्या बऱ्याच अलीकडे दम तुटला, आवाज नाकात जात होता. जीभ पुरती बाहेर येईना. उशीवरून डोकंही उचलता येईना. अंगावर दाताची खूण शोधत बसायची ही वेळ नव्हती.

मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकावर घाला घालतं. स्नायूला हुकूम पोहोचवणारं रसायन तिथून सुटायचं थांबतं. पापणी उचलणारा स्नायू लहान, दिवसभर कामाला जुंपलेला, म्हणून तो आधी हार मानतो. त्यानंतर डोळे फिरणं थांबतं, गिळणं अडतं, मान लुळी पडते आणि शेवटी श्वासाचे स्नायू. नागाच्या विषाची तऱ्हा वेगळी. ते स्नायूच्या बाजूचे ग्राहक अडवतं. म्हणून निओस्टिग्मिनचं इंजेक्शन, सोबत अ‍ॅट्रोपिन, दिलं की नागाच्या रुग्णाची पापणी कधी कधी डोळ्यांदेखत वर येते. मण्यारीत हा गुण सहसा येत नाही, कारण तंतूचं टोकच निकामी झालेलं असतं आणि ते नव्याने उभं राहायला दिवस जातात. तोवर प्रतिविषाइतकाच, किंबहुना अधिक, आधार कृत्रिम श्वासाचा. व्हेंटिलेटर नसेल तर हाताने फुगा दाबत जालन्यापर्यंत न्यायचं.

पापणी खरोखर सुजलेली असेल तर विचाराची दिशा बदलते. घोणस चावलेल्या काही रुग्णांत केशवाहिन्या गळू लागतात आणि चेहरा, डोळे फुगतात. प्रतिविष चालू असताना पापण्या, ओठ सुजले आणि अंगावर गांधी उठल्या, तर ती औषधाची अ‍ॅलर्जी. सलाईन थांबवून मांडीत अ‍ॅड्रिनालिन द्यायचं, सावरलं की प्रतिविष पुन्हा सुरू करायचं. सर्पदंशाशी संबंध नसलेली दोन दुखणीही ध्यानात ठेवावी लागतात. मुलाचे डोळे सकाळी सुजलेले आणि दिवस चढेल तशी सूज ओसरणारी असेल तर लघवी तपासावी, मूत्रपिंडातून प्रथिनं जात असू शकतात. उलट, पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी झुकणारी, तेही आठवडेच्या आठवडे, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिसची शंका घ्यावी.

रुग्ण असा निरखून बघायचा म्हटलं की आठवतात ते याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. ते महाडला गेले आणि विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर त्यांनी जगापुढे मांडला. सर्पदंशावरही त्यांनी काम केलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खाटेजवळ बसून रुग्ण बघत राहणं, हेच त्यांच्या संशोधनाचं भांडवल, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली.

एक गोष्ट प्रत्येक नातेवाइकाला सांगतो. मण्यारीचा रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्यासुद्धा विस्फारून उजेडाला दाद देईनाशा होतात. तरी त्याला ऐकू येत असू शकतं. त्याच्याशी बोला, उशाशी रडारड करू नका. अशा माणसाला गेला समजून घरी नेण्याची घाई तर मुळीच करू नये.

आणि रुग्णाला आणताना काळवेळ लक्षात ठेवा. साप कुणी पाहिला नसेल, दंश कधी झाला हे ठाऊक नसेल, तरी पोटात कधी दुखू लागलं, पापणी किती वाजता झुकली आणि बोलणं कधी बदललं, एवढं सांगितलंत तरी आम्हाला पुढच्या तासाची तयारी करता येते.