नाझरेथचा मिस्त्री

आमच्या घराजवळ एका कॅथलिक मिस्त्रींचे दुकान आहे. दुकान कसले, पत्र्याची एक लांबट शेडच. आत शिरताच समोरच्या भिंतीवर एक तसबीर दिसते. तीत एक दाढीवाला माणूस रंधा मारीत उभा आहे आणि त्याच्या शेजारी आठदहा वर्षांचा एक मुलगा लाकूड धरून उभा आहे. काचेवर भुसा इतका साचलेला असतो की त्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. दाराची चौकट करून घेण्याच्या निमित्ताने मला एकदा तेथे दोन तास बसावे लागले. सहज विचारले, "काका, हे कोण?"

"हा आमचा योसेफ. येशूला वाढवणारा बाप. आमच्याच धंद्यातला. अख्ख्या बायबलात एक शब्द बोललेला नाही." एवढे सांगून काका पुन्हा पटाशीकडे वळले.

ते 'एक शब्द बोललेला नाही' माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालयातून शुभवर्तमाने आणून वाचली, तर काकांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. मत्तय आणि लूक यांनी योसेफाच्या हालचाली सांगितल्या आहेत. त्याचे बोलणे मात्र एका वाक्याचेही नाही. वाङ्‌निश्चय झालेली मरिया गर्भवती असल्याचे त्याला कळते. तिची उघड बेअब्रू करणे त्याच्या हातात होते. पण मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि या नीतिमान माणसाने ठरवले काय, तर गाजावाजा न करता तिला सोडावे. मग स्वप्नात देवदूत येतो आणि योसेफ जागा होऊन तिला घरी आणतो. अशी चार स्वप्ने त्याला पडतात. प्रत्येक वेळी तो काही विचारीत नाही, वाद घालीत नाही. उठतो आणि कामाला लागतो. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला तेव्हा तर रात्रीच बाळ-बाळंतिणीला घेऊन त्याने मिसर देश गाठला. परमुलखात त्या सुताराने पोट कसे भरले असेल, याविषयी शुभवर्तमानकार चकार शब्द काढीत नाहीत. मला स्वतःला त्या स्वप्नांपेक्षा हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

घर गरिबाचे होते हे मात्र निश्चित. मूल मंदिरात अर्पण करताना ऐपतदाराने कोकरू द्यावे आणि गरिबाने पक्ष्यांची जोडी द्यावी, असा नियम होता. लूक या प्रसंगी पक्ष्यांच्या जोडीचाच उल्लेख करतो.

योसेफाच्या धंद्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'टेक्टॉन'. त्याचा अर्थ केवळ सुतार असा नव्हे; लाकडाचे आणि बांधकामाचे काम जाणणारा कारागीर, असा तो व्यापक आहे. नाझरेथपासून सहा किलोमीटरच्या आसपास सेफोरिस नावाचे शहर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर हेरोद अंतिपाने पुन्हा उभारले. नाझरेथचे कारागीर तेथे रोजाने जात असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पण दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने जी नोंद केली आहे ती आपल्या मराठवाड्याच्या माणसाला अधिक जवळची वाटेल. येशू माणसांत वावरत असताना नांगर आणि जू तयार करीत असे, असे तो म्हणतो. म्हणजे आपल्याकडे गावच्या सुताराने बाभळीच्या लाकडातून जे घडवले, तेच! नांगर, वखर, तिफण, जू, बैलगाडी ही सारी त्याच्या हातची. त्याच्यावाचून पेरणी अडायची. म्हणून बलुतेदारीत सुताराचा मान पहिल्या ओळीत. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे, हीच त्याची वर्षाची कमाई. मान होता, तरी गावाच्या कथाकहाण्यांत पाटील येतो, सावकार येतो. सुताराचे नाव कितीसे येते?

नाझरेथकरांनी तरी काय केले? येशू तेथे उपदेश करू लागला तेव्हा, हा सुताराचाच मुलगा ना, असे म्हणून त्यांनी नाके मुरडली. मार्काच्या शुभवर्तमानात तर येशूलाच सुतार म्हटले आहे. याचा अर्थ मुलगा बापाच्या हाताखाली तयार झाला होता. ज्यू परंपरेत मुलाला धंदा शिकवणे हे बापाचे कर्तव्य मानले आहे. जो मुलाला धंदा शिकवीत नाही तो त्याला चोरी शिकवतो, असे एका धर्मगुरूचे कडक मत तालमुदात नोंदलेले आहे. योसेफाने ते कर्तव्य बजावले, आणि तेही रक्ताच्या नात्याने आपल्या नसलेल्या मुलासाठी. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात हरवला तेव्हा आईबापांनी त्याला तीन दिवसांनी मंदिरात शोधून काढले. तेथेही बोलते ती मरियाच. पण ती 'तुझे वडील आणि मी' असे म्हणते. त्या आईला योसेफाच्या बापपणाविषयी शंका नव्हती.

येथे आपल्या संतांची आठवण होते. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी हे सारे धंदेवाईक आणि संसारी. या मालिकेत सुतार चटकन आठवत नाही. गोरोबांच्या कथेत भजनाच्या तंद्रीत पोटचे मूल चिखलात तुडवले जाते; योसेफाची सारी भक्ती मूल वाचवण्यातच खर्ची पडते. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे मूल कडेवर घेणारे पैठणचे नाथ त्याला अधिक जवळचे वाटतात. नाथही प्रापंचिकच होते.

चर्चने मात्र या प्रापंचिकाची दखल घ्यायला फार वेळ लावला. अप्रमाण मानल्या गेलेल्या जुन्या ग्रंथांनी त्याला जख्ख म्हातारा करून टाकले. एकाने तर त्याला एकशे अकरा वर्षांचे आयुष्य दिले! रोमच्या पंचांगात त्याचा १९ मार्चचा सण पंधराव्या शतकात आला. १५६२ साली आविला येथे संत तेरेझाने आपला पहिला सुधारित मठ त्याच्या नावे स्थापन केला आणि त्याची भक्ती वाढीला लागली. १८७० मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला अखिल चर्चचा आश्रयदाता ठरवले. पुढे १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा 'कामगार संत योसेफ' यांचा दिवस म्हणून जाहीर केला. कामगार दिन साम्यवाद्यांच्या हाती एकट्याने राहू नये हा त्यामागचा हेतू उघड होता, त्यात लपवण्यासारखे काही नाही. तरी घाम गाळणाऱ्याला वेदीवर जागा मिळाली, हेही खरेच. पाच वर्षांनी, १९६० साली, त्याच दिवशी महाराष्ट्र राज्य जन्माला आले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या डिसेंबरपासून एक वर्ष योसेफाला वाहिले, तेव्हा जग कोरोनाने टेकीला आले होते. पडद्याआड राहून रोजचा गाडा ओढणाऱ्या सामान्य माणसांशी त्यांनी योसेफाचे नाते जोडले.

मराठीत योसेफाची कथा जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले; रोमन लिपीत, पण मराठी ओवीत. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र येते. पोर्तुगीजांनी आपल्या सुतारकामालाही शब्द दिले. 'मिस्त्री' हा त्यांच्या 'मेस्त्रे'वरून आला, म्हणजे उस्ताद. 'बिजागरी' आणि 'चावी' याही तिकडच्याच. आज या शहरातला हिंदू वा मुसलमान कारागीरही हेच शब्द बोलतो. गंमत अशी की कुराणात मरियमच्या नावाची एक सूरा आहे, पण सुतार योसेफाचा उल्लेख नाही. पुढच्या इस्लामी परंपरेत मात्र तो 'युसुफ नज्जार' म्हणून भेटतो. नज्जार म्हणजे सुतारच.

औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली झाला. काका त्याच्याही आधीपासून रंधा मारीत आहेत. त्यांना हे सनावळीचे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तो मेला कधी, ते लिहिलंय का कुठं?"

लिहिलेले नाही. क्रुसावरून येशूने आईला शिष्याच्या हाती सोपवले, त्यावरून योसेफ त्यापूर्वीच गेला असावा असे मानतात. येशू आणि मरिया उशाशी असताना त्याला मरण आले, अशी श्रद्धा असल्यामुळे कॅथलिक लोक चांगल्या मरणासाठी त्याची प्रार्थना करतात.

"आम्ही पण रोज रात्री करतो," काका म्हणाले. "घरातले सगळे बसून."

१ मे रोजी दुकान बंद होते. फटीतून पाहिले, तर तसबिरीची काच स्वच्छ पुसलेली होती आणि खाली बाकावर करवत, रंधा, वाकस, गुण्या ओळीने मांडून त्यांवर झेंडूची फुले वाहिलेली होती. माझी चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. तिला अजून पॉलिश व्हायचे होते.