पत्ता नको, माणूस शोधा

मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन या टायर-कारखान्यांच्या शहरात बिल विल्सन नावाचा शेअर-दलाल हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. ज्या सौद्यासाठी आला तो फिसकटलेला, खिसा रिकामा आणि बाजूच्याच बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. त्यानं फोन उचलला आणि यादी पाहून चर्चमध्ये फोन लावायला सुरुवात केली. मागणी चमत्कारिक होती: मला बोलायला एखादा दारुडा हवाय! फिरतफिरत धागा डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. ‘पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही’ असं आधीच बजावून आलेले डॉक्टर काही तास बसून राहिले, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचीच कहाणी सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस, १० जून १९३५, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा, म्हणजे एए-चा, जन्मदिवस मानला जातो.

आज महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक ठिकाणी एए-चे गट आहेत. तरी पहिल्या मिटिंगला पोचणं अवघडच जातं. एम्सनं केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एखाद्यालाच कसली तरी मदत मिळते. पत्ते छापील असतात, संकेतस्थळावर असतात. पाऊल उचलत नाही. अमेरिकेत १९८१मध्ये २० जणांवर एक छोटासा प्रयोग झाला. निम्म्यांना मिटिंगची माहिती हातात दिली. उरलेल्यांना तिथल्या तिथे एका सदस्याला फोन जोडून दिला आणि तो त्यांना सोबत घेऊन जाईल असं ठरवून टाकलं. पहिल्या गटातलं कुणीही गेलं नाही. दुसऱ्यातले सगळे गेले. प्रयोग लहान होता खरा, पण आपल्याकडे डॉक्टरांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिल्यावर पुढे काय होतं, ते घराघरात माहीत आहे.

म्हणून मिटिंग शोधताना आधी फोन करावा. एए-च्या यादीतला क्रमांक लावला की पलीकडे बहुधा स्वतः त्यातून गेलेलाच कुणीतरी असतो. त्याला विचारा: भाषा कोणती, मराठी की हिंदी? मिटिंग खुली की बंद? खुल्या मिटिंगला घरचे, मित्र, नुसतं बघायला आलेलेही चालतात. बंद मिटिंग फक्त पिणं थांबवू इच्छिणाऱ्यांसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘मला दारातून आत घ्यायला कुणी येईल का?’ हे विचारायला लाजू नये. नव्या माणसाला भेटणं हे जुन्यांच्या स्वतःच्या दारूमुक्तीचंही औषधच असतं. तुम्ही उपकार मागत नसता.

खोली पुष्कळदा शाळेच्या वर्गाची किंवा चर्चच्या आवारातली असते. त्यावरून ‘हे धर्मांतराचं काही आहे का?’ अशी शंका अनेकांच्या घरी निघते. नाही. जागा मिळते तिथे बसतात, इतकंच. देवाचा उल्लेख मात्र येतो, आणि ज्याला जसा समजेल तसा देव, अशी मोकळीकही असते. नास्तिकाला हे खटकू शकतं. त्यानं दोन-तीन वेगळे गट पाहावेत, कारण गटागटाचा स्वभाव निराळा. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगावं लागत नाही. वर्गणीची पिशवी फिरते, त्यात टाकलं तर टाकलं. ‘शेअरिंग’, म्हणजे स्वतःची कहाणी सांगणं, सक्तीचं नसतं, पहिल्या दिवशी गप्प बसलं तरी चालतं. छोट्या गावात ‘ओळखीचं कुणी बघेल’ ही भीती खरीच असते. अशांनी शेजारच्या तालुक्याची मिटिंग धरावी किंवा ऑनलाइन बसावं. दुबई-लंडनमधल्या मराठी माणसालाही त्याच वाटेनं मायबोलीत बोलता येतं.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत द्यायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू सोडली तर हात थरथरणं, झटके, भ्रम असं होऊ शकतं आणि ते जिवावरही बेतू शकतं. मिटिंग हा त्यावरचा उपचार नव्हे, आधी डॉक्टर. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या आजारांसाठी टेलिमानस १४४१६. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलं, तिथे उपचार आणि एकमेकांचा आधार या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली आल्या. ही जोडी कामाची आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. रुग्णाला पद्धतशीरपणे एए-शी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा सरस ठरले.

नवरा यायला तयारच नसेल तर? बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. पण बायकोनं, आईनं, मुलानं त्याच्यासाठी थांबायचं कारण नाही. कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉन ही संघटना १९५१पासून आहे. तिथे त्याला कसं सुधारायचं यावर खल होत नाही. रात्री दोनला दार वाजलं तर आपण काय करायचं आणि काय नाही, अशा गोष्टी चालतात. तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही, आणि त्याला सांगून जायलाच हवं असंही नाही.