फुलांचा चित्ररथ : तयारी मे महिन्यापासूनच



९ ऑगस्ट हा दिवस आपल्या डहाणू-तलासरी भागात कुणाला सांगावा लागत नाही. क्रांती दिन तर तो आहेच. शिवाय संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठराव करून हा दिवस जगातल्या आदिवासींसाठी नेमला, कारण आदिवासींच्या प्रश्नांवरील त्यांच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली याच तारखेला भरली होती. त्या दिवशी आपल्याकडे मिरवणुका निघतात. तारपा वाजतो, पाड्यापाड्यांवरून माणसं येतात, आणि एखाद्या गावाचा ट्रॅक्टर चित्ररथ होऊन मिरवणुकीत चालतो.

पण हा चित्ररथ सजतो कसा? बऱ्याचदा दोन दिवस आधी वर्गणी गोळा होते. कुणीतरी बाजारात जातो. पताका, कापडी झालर आणि प्लॅस्टिकची फुलं घेऊन येतो. खरी फुलं आणलीच तर तीही बाहेरून, मिळेल त्या भावानं. म्हणजे पैसा गावाचा, कष्ट गावाचे आणि फूल मात्र परक्याचं. थर्माकोलची सजावट तर राज्यात २०१८ पासून बंदच आहे. तेव्हा यंदा चित्ररथाची फुलं आपल्याच बांधावर का पिकवू नयेत?

दुसऱ्या देशांत काय करतात?

हॉलंडमध्ये झुंडर्ट नावाचं एक छोटं गाव आहे. प्रसिद्ध चित्रकार व्हॅन गॉग याचं हे जन्मगाव. तिथं १९३६ पासून फुलांच्या रथांची मिरवणूक निघते. गावाभोवतीच्या वीस वाड्या दरवर्षी एकेक रथ करतात. बाहेरचा डेकोरेटर नाही. आराखडा वाडीतलेच लोक काढतात, सांगाडा तेच उभारतात, आणि डेलियाची फुलं लावायला म्हातारीकोतारी अन् पोरंटोरंही बसतात. मुख्य गोष्ट म्हणजे डेलियाची शेतंही वाड्यांनी स्वतः राखलेली असतात. हॉलंडमधल्या अशा मिरवणुकांच्या परंपरेला युनेस्कोनं २०२१ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतलं.

अमेरिकेत पॅसाडेना शहरात १८९० पासून नववर्षाला फुलांचे रथ निघतात. तिथला नियम असा, की रथाचा दिसणारा सगळा भाग फुलांनी नाहीतर पानं, साली, बिया अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकायचा. हा नियम आपल्याला किती सोयीचा आहे बघा! बांबू, कारवी, पळस, केळ, नागली, वरई, यातलं आपल्याकडे काय नाही?

आधी हिशेब

साधी ट्रॉली दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद धरा. चारही बाजूंच्या दोन फुटी फळ्या आणि मागचा सहा फुटी उभा पडदा मिळून अंदाजे १०० चौरस फूट जागा झाकायची आहे. यातली निम्मी जागा पानं, कूड आणि चित्रासाठी ठेवा. उरली ५० चौरस फूट. झेंडूचं फूल दोन इंचाचं धरलं तर एका चौरस फुटाला ३६ फुलं लागतात. म्हणजे १८०० फुलं. तुटकी, कुजकी जाणार म्हणून २०० जास्त. एकूण २०००.

आता शेतीचा हिशेब. एका गुंठ्यात ६० बाय ४५ सेंटिमीटरवर झेंडूची सुमारे ३७० रोपं बसतात. एका वेळी एका झाडावर दहा चांगली फुलं धरली तर साडेतीन हजारांवर फूल मिळेल. पण तो ऑगस्ट आहे. आपल्या पावसात निम्मीच धरा. तीही सगळी चांगली निघतील असं नाही. म्हणून दोन गुंठे लावा, आणि तेही एकाच्या शेतात नको. दोन-तीन घरांत वाटून लावा. एकाकडचं पीक पावसानं झोडपलं तर दुसऱ्याकडचं तरी हाती लागेल.

तारखा उलट्या मोजा

उंच झेंडू लागवडीपासून साधारण ६० ते ६५ दिवसांत फुलावर येतो. ९ ऑगस्टपासून मागे मोजा, लागवड जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस. म्हणजे बी टाकायचं मेच्या पहिल्या आठवड्यात. विहिरीजवळ, जिथं सांडपाणी जातं तिथं दोन छोटे वाफे पुरतात.

लागवड भातखाचरात करू नका, पाणी साचलं की मूळ कुजलं म्हणून समजा. वरकस जमीन, उतार आणि उंच गादीवाफा हवा. दाट लावू नका, वारा खेळला पाहिजे. शेंडा खुडल्यानं फुलं वाढतात खरी, पण फुलोरा लांबतो. तारखेचं काम असल्यानं निम्म्या रोपांचा शेंडा खुडा, निम्मी तशीच ठेवा.

एवढं करूनही आपल्या पावसात झेंडूचा भरवसा पूर्ण धरता येत नाही. म्हणून जोडीला लिली ठेवा. एकदा कंद लावले की काही वर्षं पीक देणारं हे फूल पावसाला झेंडूइतकं घाबरत नाही. ज्यांच्याकडे मोगरा किंवा सोनचाफा आहे, त्यांच्याशीही आधीच बोलून ठेवा. सोनचाफा लवकर काळवंडतो, तो शेवटच्या तासाला लावावा.

रानातला तेरडा थोडा घेतला तर हरकत नाही. कळलावीला मात्र हात लावू नका. ती औषधी आहे, विषारीही आहे, आणि रानात ती आधीच कमी होत चालली आहे.

सांगाडा आपल्या पद्धतीचा

लोखंड जोडण्यापेक्षा बांबूचा सांगाडा बरा. त्यावर कारवीचा कूड बांधा. कूड शेणामातीनं लिंपून, गेरू देऊन, तांदळाच्या पिठानं चित्र काढा. आपल्या घराची भिंत अशीच तर असते. पावसात चित्र धुऊन जाऊ नये म्हणून वर इरल्यासारखं पानांचं छप्पर घ्या. तेही रथाची शोभाच वाढवील.

झेंडूच्या माळा सुतळीत ओवा, नायलॉन नको. पानं टाचायला बांबूच्या चोया वापरा. लिलीचे दांडे केळीच्या खांबात खोचा. त्या ओल्या खांबात फूल बराच वेळ टवटवीत राहतं.

काहींना रंगासाठी धान्य चिकटवायची हौस असते. पण खायचं धान्य वाया घालवायला आपलं मन घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. पाखडून उरलेली नागली, वरई, किडका उडीद एवढंच वापरा. औषध लावलेलं बियाणं मात्र कधीही नको. त्याला पोरांचे हात लागतात, कोंबड्या ते टिपतात.

चित्र कशाचं?

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरीतल्या धामणगावचा, आणि आयुष्य गेलं डहाणूतल्या गंजाडला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांनी वारली चित्र जगभर नेलं, पण घरच्या भिंतीवर ही कला पिढ्यान्‌पिढ्या राखली ती बायांनी. म्हणून रथाचं चित्र ठरवताना बायांना विचारा. फुलं तोडायला बाया आणि ठरवायला पुरुष, असं होऊ देऊ नका.

एक गोष्ट जपा. देवचौक हे लग्नाचं पवित्र लेखन आहे, त्यात देवी बसते. तो ट्रॉलीच्या फळीवर, पायाच्या उंचीला काढायचा की नाही, हे धवलेरीला आणि जाणत्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. तारप्याचा फेर, भाताची लावणी, ताडाचं झाड हे विषय कुणालाही काढता येतील. गोल, त्रिकोण, चौकोन यांचीच ही चित्रं असल्यानं ती फुलांतही छान उठून दिसतात.

माणसं आणि वेळ

तुम्ही म्हणाल, ऑगस्टमध्ये कुणाला सवड आहे? पण बघा, बहुतेक ठिकाणी जुलै संपता संपता लावणी आटोपते. बेणणीचा जोर वाढण्याआधी थोडी फट मिळते. सांगाड्याचं काम जुलैच्या शेवटच्या रविवारी उरका. ७ तारखेला पानं आणि केळीचे खांब आणा. ८ तारखेला झेंडू तोडून संध्याकाळी माळा करा. एका फुलाला दहा सेकंद धरले तर दोन हजार फुलांना साडेपाच तास होतात. सहाजणी बसल्या तर तासाभराचं काम. ९ तारखेला पहाटे लिली आणि मोगऱ्याच्या कळ्या तोडा.

तोडलेली फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, उबून काळी पडतात. बांबूच्या टोपलीत केळीचं पान घालून, सावलीत पसरून ठेवा. झेंडूवर पाणी मारू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती

एप्रिल-मेच्या ग्रामसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. रथ समितीनं कुणाकडून किती फुलं घ्यायची आणि काय भावानं, हे तिथंच ठरवून लिहून ठेवावं. मजुरी नको म्हणणारे स्वयंसेवक पुष्कळ मिळतील, पण शेतकऱ्याचं फूल फुकट मागू नका. श्रमदान हाताचं, पीक मोलाचं. मिरवणूक झाली की हिशेब वाचून दाखवा.

मिरवणुकीची परवानगी वेळेत घ्या. विजेच्या तारा रस्त्यावर कुठं खाली आल्या आहेत, ते लाइनमनला विचारा आणि रथाची उंची त्यानुसार ठेवा. स्वतः बांबू लावून तारा मोजायला जाऊ नका. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रथ चढवण्याचा मोह टाळा. चालक परवानाधारक आणि शुद्धीवर असलेला हवा. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना दोरी धरून स्वयंसेवक चालवा, म्हणजे नाचणारी मुलं चाकाजवळ जाणार नाहीत.

मिरवणुकीनंतर

सुतळी काढून फुलं आणि पानं खतखड्ड्यात टाका, ओढ्यात किंवा खाडीत नाही. शेतातली झाडं उपटू नका. पुढे गणपती येतो, मागोमाग दसरा. पाऊस उघडल्यावर फुटणारी फुलं विकता येतील. २०१३ पासून डहाणू रोडहून लोकल सुटते, दादरचा फूलबाजार काही लांब राहिलेला नाही. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमी कमी होतात. त्या वाफ्यात पुढे वांगी किंवा टोमॅटो घेतला तर त्याचाही फायदा दिसेल.

ज्या घरानं रथासाठी एक गुंठा लावला, त्याला तारीख धरून फूल काढायची सवय लागते. फूलशेतीत पैसा त्या सवयीचाच आहे, कारण दसऱ्याचं फूल एकादशीला विकत नाही. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक गावच असेल, तर नुकसानीची भीती थोडी कमी होते.

तेव्हा मंडळी, रथ ऑगस्टमध्ये चालेल, पण बी मेमध्ये पडायला हवं. आपल्या भागातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला आताच विचारून ठेवा.